पिळाचा हिशेब

मंगळवार, रात्री साडेदहा

आज लॅबमध्ये गंमत झाली. पीएचडी करणारी विद्यार्थिनी जवळजवळ धावतच आली. "सर, सुताची ताकद वाढलीय! कालच्याच कोनवरचं, म्हणजे शंकूसारख्या रिळावरचं सूत, पण एकूण एक नमुना उशिरा तुटतोय." आलेख खरंच देखणा होता. मी काही न बोलता भिंतीवरच्या आर्द्रतामापकाकडे बोट दाखवलं. काटा ८० च्या पुढे. रात्री कधीतरी एसी बंद पडला होता. चाचणीला हवा लागते २० अंशांची, ६५ टक्के आर्द्रतेची. कापूस ओलावला की आणखी बळकट होतो. व्हिस्कोजचं नेमकं उलट, भिजलं की ताकद जवळपास निम्म्यावर येते. बिचारीचा चेहरा पडला. मला मात्र हसू आवरेना, कारण हाच पराक्रम मी तिच्या वयात करून बसलो होतो, आणि वर त्याचा पेपरही लिहायला घेतला होता.

मी मूळचा मेकॅनिकलचा. टेक्स्टाइल विभागात आलो तो केवळ तिथे जागा होती म्हणून. कापडात काय एवढं शिकायचंय, असा तोरा होता. पहिल्याच वर्षी जिरली. पोलादाची पट्टी बेताने ताणून सोडली की मुकाट्याने मूळ जागी येते. सूत तसं नाही. आधी त्यातल्या लाटा सरळ होतात, मग तंतू एकमेकांवर घासतात, आणि सोडल्यावर आलेख गेल्या वाटेने परत येत नाही. कापसाचा तंतू जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटरचा. गाठ नाही, गोंद नाही. नुसत्या पिळावर मैलोगणती सूत उभं राहतं. ओढाल तसे तंतू एकमेकांना आवळतात. पीळ वाढवा, ताकद वाढते. फार वाढवला की तंतू इतके तिरपे होतात की ओढ पेलेनाशी होते, आणि ताकद उतरू लागते. त्या टेकडीसारख्या वक्ररेषेवर माझी निम्मी नोकरी गेली. पोलादवाले सहकारी 'शिंपी' म्हणायचे. म्हणोत.

उरलेली निम्मी पिअर्स या वस्त्रसंशोधकाने खाल्ली. सूत तुटतं ते सर्वांत कच्च्या जागी, म्हणून नमुना जितका लांब तितकी ताकद कमी, हे त्याने १९२६ मध्ये गणिताने मांडलं. चारच वर्षांनी कापडाचा 'हात', म्हणजे हाताला लागणारा पोत, मोजायला निघाला. मऊ, कडक हे शब्द दुकानदाराचे. त्याने त्यांना लांबीची एककं दिली. आजही आम्ही कापडाची पट्टी कडेवरून पुढे सरकवतो, ती ४१.५ अंश वाकली की थांबतो आणि बाहेर आलेल्या लांबीवरून कडकपणा ठरवतो. इतकी साधी चाचणी मला जन्मात सुचली नसती.

निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. कपाट आवरताना तो जुना मसुदा सापडायला हवा. पहिल्याच पानाच्या समासात माझ्या गाइडने पेन्सिलने एवढंच लिहिलं होतं: 'खोलीत आर्द्रता किती होती?' उद्या तिला दाखवेन. नमुने मात्र आधी २४ तास नीट हवेत ठेवायला सांगायचे, एसीवाल्याला सकाळीच फोन.