ताणा, बाणा आणि तेजस

आयटीआयच्या फिटर ट्रेडची चोवीस पोरं घेऊन रात्री सोलापुरातून निघालो, ते उजाडता नाशिकजवळच्या ओझरला पोचलो. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या गेटवर मोबाइल जमा झाले, खिसे रिकामे झाले. कागदपत्रांच्या तपासणीत तासभर गेला, पण कुणी कुरकुर केली नाही.

1964 ला उभारलेल्या या विमान कारखान्यात आधी मिग बनले, पुढे सुखोई-30. इथं जुळलेलं पहिलं तेजस मार्क-1ए लढाऊ विमान 17 ऑक्टोबर 2025 ला उडालं. हे मी बसमध्येच सांगून ठेवलं होतं. पण पोरं थबकली ती हत्यारांच्या ट्रॉलीपाशी. फोममध्ये प्रत्येक पान्याच्या आकाराचा खाचा, प्रत्येकावर नंबर कोरलेला. काम संपलं की मोजणी, आणि एक जरी खाचा रिकामा दिसला तरी तो पाना सापडेपर्यंत विमान हलत नाही. विमानात राहिलेला एवढासा तुकडा कंट्रोलच्या दांड्यात अडकला तर काय होईल, ते वेगळं सांगावं लागलं नाही. दोन वर्षं मी 'हत्यार जागेवर ठेवा' म्हणून ओरडतोय. त्या दिवशी ते एका ट्रॉलीनं समजावलं.

मग दाखवायला ठेवलेला कार्बन फायबरचा तुकडा आला. तेजसच्या सांगाड्याच्या वजनात सुमारे 45 टक्के वाटा अशा कंपोझिटचा, म्हणजे धागे आणि रेझिन एकत्र घट्ट करून बनवलेल्या साहित्याचा. रेझिन, म्हणजे चिकट राळ, लावलेलं कापड थंडीत साठवायचं, साच्यावर थरावर थर टाकायचे आणि ऑटोक्लेव्ह नावाच्या बंद भट्टीत दाब देऊन भाजायचं, असं तिथले साहेब सांगत होते. तेवढ्यात मागून आवाज आला, "सर, सगळे थर एकाच दिशेनं टाकतात का?"

विचारणारा पोरगा वर्गात कधी तोंड उघडत नाही. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर. हाही सुट्टीत कांड्या भरायला जातो, दुसऱ्या दिवशी बाकावर पेंगतो. चार वेळा तरी मी त्याला उभं केलं असेल.

साहेबांनी उलट विचारलं, "तुला का वाटलं असं?"

"चादर ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या बाजूनं ओढली की ताणत नाही, बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या बाजूनंही नाही. तिरकी ओढली की लगेच पसरते. विमानावर तिरका ताण आला तर?"

साहेबांनी हातातला तुकडा त्याच्याच हातात दिला. म्हणाले, "म्हणूनच काही थर पंचेचाळीस अंशांत टाकतात. ताकद धाग्याच्या दिशेतच असते, हे तुला आमच्याआधी माहीत होतं." त्यानं तो तुकडा उजेडाकडे धरला, अंगठ्यानं वीण चाचपली आणि जपून परत दिला. माझ्या घशात काहीतरी दाटून आलं. त्याच्या पेंगण्याचा हिशेब मी इतके दिवस चुकीच्या खात्यात मांडत होतो.

सोमवारी तो वर्कशॉपमध्ये चादरीचा कापलेला तुकडा घेऊन आला. व्हाइसमध्ये एक टोक धरलं, दुसरं मित्राच्या हातात दिलं. "आधी सरळ ओढ. आता तिरका." मग एकेक जण ओढून बघू लागला. मी खडू खाली ठेवला आणि रांगेत उभा राहिलो.