नेत्राणीच्या पाण्यात गेलेला कॅमेरा आणि विम्याचे कागद

कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या मुरडेश्वरला स्कूबा डायव्हिंगसाठी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन समुद्रात उतरायला, निघण्याच्या आदल्या रात्री बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या घरात मधल्या खोलीत सतरंजीवर मी सगळे सामान मांडून बसले होते. टाकीतली हवा तोंडाशी देणारा रेग्युलेटर, पाण्यात तरंगणे-बुडणे सांभाळणारे बीसीडी हे हवेचे जाकीट, खोली आणि वेळ दाखवणारा डाइव्ह कॉम्प्युटर, दोन मास्क, फिन्स, दिवा, कॅमेरा आणि पाण्याखाली त्याला कोरडे ठेवणारे नवे अ‍ॅल्युमिनियमचे हाउसिंग. प्रत्येक वस्तूवरचा अनुक्रमांक मी वहीत उतरवला आणि मोबाइलने तिचा फोटो काढून ठेवला. हे मला सुचलेले नव्हते. आमच्या विमा एजंट काकांनी ते मला दोन वर्षांपूर्वी करायला लावले, आणि तेव्हापासून दर सफरीपूर्वी मी ते करते.

त्यामागे निपाणीच्या माझ्या मावसभावाचा अनुभव आहे. मालवणला गेला असताना त्याने डाइव्ह कॉम्प्युटर आणि मास्क असलेली पिशवी गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली आणि तो जेवायला गेला. परत आला तेव्हा पिशवी नव्हती. त्याच्याकडे घराचा विमा होता आणि घरातल्या वस्तू त्यात आल्या म्हणजे आपले सामान कुठेही सुरक्षित आहे, अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात ती पॉलिसी घराच्या चार भिंतींपुरती होती. शिवाय काच फुटलेली नव्हती, कुलूप तोडलेले नव्हते, आणि पोलिसांत तक्रारही त्याने घरी परतल्यावर तिसऱ्या दिवशी दिली. सोबत नेण्याच्या वस्तूंसाठी वेगळी ‘ऑल रिस्क’ पॉलिसी, म्हणजे घराबाहेरही चोरी-अपघात धरणारी, घेतली तरी, नजरेआड ठेवलेल्या गाडीतून चोरी झाल्यास ती वस्तू डिकीत कुलूपबंद होती आणि गाडी जबरदस्तीने फोडली गेली, हे बहुधा दाखवावे लागते. चोरीला पोलिसांचा एफआयआर लागतोच. आपल्याकडे सीमाभागात चोरी झाली तर तो कन्नडमध्ये लिहिला जातो, म्हणून सही करण्यापूर्वी तो वाचून घेण्याची किंवा कुणाकडून वाचवून घेण्याची सवय लावून घ्यावी. वस्तूचे नाव चुकले तर पुढे कुणी ते दुरुस्त करून देत नाही.

हा प्रकार घडल्यावर मी काकांकडे गेले. माझा कॅमेरा पाण्याखाली चालतो, हे मी त्यांना सहज म्हणून सांगितले आणि त्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला. “काढूया की पॉलिसी, खरं पाण्याखाली वापरतेस हे लिहून घेऊया. नुसतं कॅमेरा म्हणून लिहिलं तर ते लोक लग्नातला कॅमेरा समजतात, आणि मग समुद्रात कशाला नेला म्हणून विचारतात.” त्यांनी प्रस्तावात मराठीतूनच सांगितलेले इंग्रजीत लिहून घेतले: छंद म्हणून, खाऱ्या पाण्याखाली, स्कूबा डायव्हिंग करताना वापर. कंपनीने त्यावर थोडा जास्त हप्ता घेतला आणि हे वाक्य पॉलिसीच्या अनुसूचीत, म्हणजे विमा उतरवलेल्या वस्तूंच्या यादीच्या पानावर, छापून आले. हा सगळा लेख मी त्या एका ओळीसाठी लिहीत आहे, असे म्हटले तरी चालेल.

बेळगावहून पहाटे निघून आम्ही खानापूर, लोंढा, रामनगर आणि जोयडा असे जात अणशीच्या घाटात शिरलो. दाट जंगलातून घाट उतरून कद्र्याला आलो की कारवारची खारी हवा लागते, आणि पुढे काळी, गंगावळी, अघनाशिनी व शरावती या नद्यांच्या मुखांवरून मुरडेश्वरपर्यंतचा रस्ता समुद्र सोडत नाही. कारवारात आम्ही जेवलो. वाढणाऱ्या बाईंनी बेळगावचे म्हटल्यावर मराठीतून चौकशी केली आणि सोलकढीची वाटी न मागता पुन्हा भरली. घाटाच्या वळणांत हाउसिंगची पेटी मी मांडीवर घेऊन बसले होते.

नेत्राणी हे मुरडेश्वरपासून सुमारे १९ किलोमीटरवर अरबी समुद्रात असलेले बेट आहे. पावसाळ्यात तिकडे कुणी जात नाही. पाऊस संपून समुद्र निवळला की हंगाम सुरू होतो आणि तो मेपर्यंत चालतो. तेथे येणारे बहुतेक लोक सामान भाड्याने घेतात, आणि नवशिक्याने तेच करावे. फक्त ज्या फॉर्मवर आपण सही करतो त्यात दिवा किंवा वजनाचा पट्टा हरवल्यास भरपाई कुणी करायची, हे वाचावे. आपली पॉलिसी साधारणतः आपल्या मालकीच्या वस्तूंची असते. भाड्याच्या वस्तू तिच्यात आपोआप येत नाहीत.

बोट हलत होती. पहिली डुबकी चांगली झाली. दुसऱ्या डुबकीपूर्वी बॅटरी बदलायची म्हणून मी हाउसिंग उघडले, हात पंचाला पुसले आणि पुन्हा बंद केले. चौदा मीटरवर एका कपारीत मोरे ईल तोंड उघडून बसली होती. तिच्यावर कॅमेरा रोखला तोच हाउसिंगमधला लाल दिवा लुकलुकू लागला. आत पाणी शिरल्याची ती खूण असते. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाएवढा, वाढतो, म्हणजे त्या खोलीवर हाउसिंगच्या बाहेर २.४ वातावरणांचा दाब होता आणि आत एकच. अशा वेळी चीर कितीही बारीक असली तरी पाणी आत येत राहते.

वर धावत सुटणे शक्य नव्हते, कारण घाईने वर आले तर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात. मिनिटाला नऊ मीटरपेक्षा वेगाने वर यायचे नाही आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे, हा नियम कॅमेऱ्यासाठी मोडायचा नसतो. मी भिंग खाली करून हाउसिंग धरले, म्हणजे शिरलेले पाणी पुढच्या काचेच्या घुमटात साठावे आणि कॅमेऱ्यापासून शक्य तेवढे दूर राहावे. त्या तीन मिनिटांत घुमटातल्या पाण्याची रेषा बोटभर चढलेली मी डोळ्यांनी पाहिली. मग ती भिंगाच्या कडेला टेकली आणि पडद्यावरचे चित्र गेले.

बोटीवर आल्यावर भिंग खालीच ठेवून हाउसिंग उघडले. झाकणाची फट बंद करणाऱ्या काळ्या रबरी ओ-रिंगवर आडवा एक पांढरा धागा चिकटलेला होता, जेमतेम नखाएवढा, पंचाचा. मी त्याचा फोटो काढला, मगच तो उचलला. बॅटरी लगेच काढली, कारण मिठाच्या पाण्यात भिजलेली लिथियम बॅटरी गरम होऊ शकते. कॅमेरा चालू करून पाहण्याचा मोह आवरला. किनाऱ्यावर येऊन गोड्या पाण्याने धुतला, वाळवला, आणि त्याच संध्याकाळी काकांना फोन करून कंपनीला ईमेल पाठवला. लवकर कळवणे आणि नुकसान वाढू नये म्हणून जे करता येईल ते करणे, या दोन्ही गोष्टी पॉलिसीच्या अटींतच असतात.

कंपनीतर्फे नुकसान तपासणारे सर्व्हेअर हुबळीहून आले. शांत गृहस्थ होते. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न महत्त्वाचा होता: ओ-रिंगची निगा कशी राखता? विमेदाराने वाजवी काळजी घेतली पाहिजे, अशी अट असते, आणि ओ-रिंग जुनी होऊन फुटली असती तर ते झिजेत मोडले असते. झीज, हळूहळू चढणारा गंज, यंत्रातला आपोआप झालेला बिघाड, हे या विम्यात येत नाही. रेग्युलेटरची टोपी न लावता तो धुतला आणि आत पाणी गेले, तर त्याची सर्व्हिसिंगही आपल्याच खर्चाने. माझ्या डाइव्हच्या वहीत प्रत्येक डुबकीपुढे ओ-रिंग पुसून सिलिकॉन ग्रीस लावल्याची नोंद होती, ती रिंग त्याच हंगामात बदलल्याचे बिल होते, आणि धाग्याचा फोटो होता. अपघात अचानक झाला, हे त्यावरून ठरले.

पैसे मात्र पूर्ण मिळाले नाहीत, आणि त्यातला एक भाग माझ्या चुकीने गेला. कॅमेरा दुरुस्तीपलीकडचा होता. पॉलिसी बाजारभावाची असल्यामुळे घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, वजा होऊन ६२,००० रुपये ठरले. त्याची मला तक्रार नाही. नव्या वस्तूची किंमत मिळणारी पॉलिसी मी घेतली नव्हती. हाउसिंगचे मात्र वेगळे झाले. ते मी परदेशातून मागवले होते. बिल ९०,००० रुपयांचे होते आणि सीमाशुल्क व वाहतूक मिळून आणखी ३०,००० लागले होते. प्रस्तावात मी बिलाचा आकडा लिहिला. म्हणजे १,२०,००० रुपयांच्या वस्तूचा मी ९०,००० रुपयांचा विमा उतरवला होता. विमा पाऊण असेल तर नुकसानही पाऊणच भरून मिळते, हीच सरासरीची अट. हाउसिंगमधली पाणी शिरल्याची सूचना देणारी सर्किट आणि बटणांचे स्प्रिंग बदलायला २४,००० रुपये लागले, त्यांपैकी १८,००० मान्य झाले. एकूण ८०,००० रुपयांतून ५,००० रुपयांची एक्सेस, म्हणजे क्लेममध्ये आपणच सोसायची रक्कम, वजा होऊन ७५,००० रुपये खात्यात आले.

क्लेम नाकारला गेला असता तर काय, असे मला मैत्रिणी विचारतात. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जायचे. कर्नाटकासाठी हे कार्यालय बंगळुरूला आहे आणि तेथे अर्जाला शुल्क नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत जावे लागते, तेवढी तारीख सांभाळावी.

आणखी एक गल्लत मी अनेकांच्या बोलण्यात ऐकली आहे. डायव्हरच्या अपघाताचा विमा वेगळा आणि सामानाचा वेगळा. १९८० मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्कसारख्या संस्थांच्या अपघात विम्यातून रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे झाल्यावर लागणाऱ्या दाबकक्षातल्या उपचारांचा खर्च निघतो. तो माणसासाठी असतो आणि तो आधी घ्यावा. प्रवास विम्यात सामान असते, पण वापरात असलेले क्रीडासाहित्य आणि महाग कॅमेरे त्यातून बहुधा वगळलेले असतात किंवा त्यांची मर्यादा फार कमी असते.

जानेवारीत मी काकांच्या टेबलासमोर पुन्हा बसले. या वेळी सीमाशुल्काची पावती सोबत होती. त्यांनी हाउसिंगपुढे १,२०,००० लिहिले, नव्या कॅमेऱ्याचा अनुक्रमांक दोनदा वाचून घेतला, आणि हवा ओढून हाउसिंग बंद आहे की नाही हे दाखवणारा छोटा पंप मी आणला आहे, तोही यादीत टाकला. “पंचा कुठं ठेवणार आता?” त्यांनी विचारले. मी त्यांना चष्मा पुसायचे धागे न सुटणारे निळे फडके दाखवले. ते त्यांनी बोटांत चुरगाळून पाहिले, उजेडात धरले आणि सहीसाठी कागद माझ्यापुढे सरकवला.