अण्णांची खळ

१८ जानेवारी, रविवार

साडेपाचला अण्णांची खाट करकरली. मिल बंद पडून इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या अंगातला भोंगा अजून वेळेवर वाजतो.

दहा दिवसांपूर्वी त्यांचे खालचे उरलेसुरले दात काढले. हिरड्या भरून आल्या की कवळी. तोवर मऊ खायचं, तेही कोमट. अण्णांची न्याहारी म्हणजे कडक भाकरी, दही आणि शेंगाचटणी. भाकरी मोडल्याचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू यायचा. तो बंद झाल्यापासून घर उगाच शांत वाटतंय. त्यात ही माहेरी अक्कलकोटला गेलेली. स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आणि लेक पुण्याला जाताना ठेवून गेलेलं ओट्सचं पाकीट.

काल पहिला प्रयोग केला. उकळत्या दुधात ओट्स टाकले, वरून गूळही तेव्हाच. दूध फाटलं. उरलं ते कोमट होईपर्यंत इतकं घट्ट झालं की चमचा उभा राहिला. अण्णांनी वाटी तिरकी करून बघितली.

"हे काय बे?"

"ओट्स. आपण जई म्हणतो बघा, ती."

"जई? म्हशीची वैरण की रे ती." मग बोटावर थोडं घेऊन चोळलं. "आणि तू तर खळ केलीस."

अण्णांची नोकरी सायझिंग खात्यात गेली. मागावर ताणा तुटू नये म्हणून सुताला खळ पाजतात, ते खातं. चिकटपणा कधी किती हवा, हे त्यांना बोटाला कळतं. म्हणाले, "पीठ कधी उकळत्यात टाकतात का? आधी गार पाण्यात कालवायचं, मग हळूहळू तापवायचं. आणि गार झालं की आळणार, हे धरून पातळ ठेवायचं."

ओट्सची पाककृती सायझिंग खात्याकडून मिळेल असं वाटलं नव्हतं.

तर आज त्यांच्या पद्धतीनं. एक वाटी ओट्स चमचाभर तुपावर परतले आणि गार झाल्यावर अडीच वाट्या पाण्यात पंधरा मिनिटं भिजवले. मग मंद आचेवर, हात न थांबवता. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. कोलेस्टेरॉलला तो चांगला म्हणतात, आणि कालच्या माझ्या फजितीत त्याचाही हात होता. मसाला काय घालावा सुचेना. दालचिनी पाकिटावर लिहिली होती, पण घरात नव्हती. मग आईची हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर, आठवली. सुंठ, वेलदोडा, बडीशेप, किसणीवर दोनदा ओढलेलं जायफळ. सुंठ चिमूटभरच, हिरड्या झोंबायला नकोत. गॅस बंद केला, वाफ जरा बसू दिली, मगच गूळ आणि शेवटी वाटीभर कोमट दूध. फाटलं नाही! एकट्यानंच हसलो.

बडीशेप कुटताना जो वास सुटला तो थेट आईचा. ती गेल्यापासून घरात हुग्गी झालेली नाही. आम्ही कुणी तसं ठरवलं नव्हतं.

अण्णा ओट्यापाशी येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत. पळी उचलली, धार सोडून पाहिली आणि वाटीभर दूध आणखी ओतायला लावलं. मग खुर्चीत बसून सगळं खाल्लं, बोटानं वाटीच्या कडा पुसून.

"गोड आहे," म्हणाले. ही तक्रार होती की पसंती, विचारलं नाही. गड्ड्याच्या जत्रेत सध्या कशी गर्दी आहे, संध्याकाळी होम मैदानापर्यंत चालत जाऊ या का, असं इकडचं तिकडचं झालं.

मग हळूच, "शेंगाचटणी अगदी बारीक कुटली, तर चालेल का रे?"

मी चटणीचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. कुठे ठेवला ते अण्णांनी नीट बघून घेतलं.