रंगाच्या आधीची भिंत

नाताळ तीन आठवड्यांवर आला की सोलापुरातल्या आमच्या घरात रंगाचा विषय निघतो. गेल्या डिसेंबरात एका शनिवारी तो एकदाचा हातावेगळा करायचाच असे ठरवून मी दुपारपर्यंत बाहेरच्या खोलीची भिंत पट्टीने खरवडली, पुट्टी भरली आणि प्रायमरचा एक हातही देऊन मोकळा झालो. संध्याकाळी अंगभर पांढरी पूड घेऊन आरशात पाहिले, तेव्हा आपण भलतेच उद्योगी आहोत असे वाटले. चौथ्या दिवशी छताजवळच्या कोपऱ्यात पुट्टीला पोपडे धरले.

बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या 21 व्या अध्यायात उद्योगी माणसासमोर आळशी नव्हे, तर उतावळा माणूस उभा केला आहे, हे मला तेव्हा कुठे नीट दिसले. संडे स्कूलमध्ये आम्हाला त्याच पुस्तकातली, आळशाने जिच्याकडे पाहून शिकावे ती मुंगी शिकवली होती आणि त्यामुळे उद्योग म्हणजे धावपळ असाच माझा समज झाला होता. वास्तविक ती मुंगीही उन्हाळ्यात आणि कापणीच्या दिवसांत धान्य साठवते, म्हणजे कौतुक आहे ते तिने वेळ ओळखण्याचे. मूळ हिब्रूत उद्योगी माणसासाठी जो 'हारूत्स' शब्द येतो, त्याचा आणखी एक अर्थ धारदार असा होतो. माझ्या बाबतीत धार होती ती फक्त हातातल्या पट्टीला.

शेवटी मामांना बोलावले. मामांची उमर चादरीच्या कारखान्यात गेली. मागावर धोटा फिरण्याआधीच निम्मे काम झालेले असते, असे ते सांगतात: ताण्याचे, म्हणजे उभे सूत बीमवर गुंडाळायचे, मग शेकडो तारा एकेक करून फणीतून ओवून घ्यायच्या, आणि त्यांतली एक जरी चुकीच्या जागी गेली तरी ती चूक एका चादरीपुरती न राहता, कोणी ती सुधारेपर्यंत, प्रत्येक चादरीत उभी रेघ होऊन उतरत राहते. तारा भरणाऱ्या माणसाशी म्हणूनच कोणी गप्पा मारत नसे.

मामांनी भिंतीवर तळहात ठेवला आणि एवढेच विचारले, "पाणी परत कधी यायचंय तुमच्याकडे?"

आमच्याकडे पाणी दिवसाआड नाही, त्याहून अधिक दिवसांच्या अंतराने येते, त्यामुळे आले की टाकी काठोकाठ भरून घेण्याची सगळ्यांनाच घाई असते. त्या रात्री मामा बॅटरी घेऊन गच्चीवर गेले आणि टाकी भरून वाहीपर्यंत उकिडवे बसून राहिले. वाहून गेलेले पाणी कठड्याच्या कडेला साचत होते आणि नखाएवढ्या भेगेतून निमूटपणे आत उतरत होते. खाली येऊन त्यांनी चहा मागितला.

मला बायबलमधला नहेम्या आठवला. राजाच्या दरबारातला हा प्यालेबरदार यरुशलेमेचा तट पुन्हा बांधायला निघण्याआधीच वाटेतल्या अधिकाऱ्यांसाठी पत्रे मागून घेतो, राजाच्या वनरक्षकाकडून लाकूड मिळावे म्हणून वेगळे पत्र घेतो, आणि तिथे पोहोचल्यावर तीन दिवस गप्प राहून, रात्री थोडी माणसे बरोबर घेऊन, कोणाला काही न सांगता पडका तट फिरून पाहतो. एका जागी ढिगाऱ्यामुळे त्याच्या जनावरालाही वाट मिळत नाही. मग कामाची वाटणी होते. कित्येकांच्या वाट्याला आपापल्या घरासमोरचा भाग येतो, त्यांत सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारे आहेत, आणि शल्लूम नावाचा एक जण आपल्या मुलींसह तट बांधतो आहे. तट 52 दिवसांत उभा राहिला, हे सगळ्यांना पाठ असते. त्याआधीच्या त्या रात्रीवरचे प्रवचन मी तरी फारसे ऐकलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मामांनी टाकीच्या पाइपाचे तोंड फिरवले आणि भेग सिमेंटने बुजवली. सगळे मिळून तासाभराचे काम. भिंत मात्र वाळायची होती. नाताळातला तारा आम्ही त्या कोडाच्या डागांसारख्या दिसणाऱ्या भिंतीसमोरच टांगला, आणि केक घेऊन आलेल्या प्रत्येक पाहुण्याची नजर ताऱ्यावरून आधी तिकडेच गेली. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्राही भरली. मामा यात्रेहून परतताना घरी आले, चप्पल काढण्याआधी कोपऱ्यावर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच धरला आणि म्हणाले, "अजून एक पाणी जाऊ दे."