गाठ तर चांगली असते ना?

एप्रिलमध्ये काकांनी मोबाइलवर निलगिरीच्या रोपांचा फोटो पाठवला, तेव्हा मी फक्त पानं पाहिली. शेंड्याची पानं पिवळट, शिरा तेवढ्या हिरव्या. लोह कमी पडलंय असं वाटलं. आमच्या माळव्यातल्या मातीत ते नवीन नाही. फेरस सल्फेटची फवारणी सांगितली आणि हातातल्या कामाला लागले. एक रोप उपटून मूळ दाखवा, एवढं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण त्यापायी तीन आठवडे वाया गेले आणि ते मला अजून लागून राहिलं आहे.

इंदूरमध्ये माती आणि पिकांचे रोग तपासायची माझी लहानशी प्रयोगशाळा आहे. काका बाबांचे जुने मित्र. राहायला रामबागेत, आणि राऊच्या पुढे त्यांची नर्सरी. त्या वर्षी त्यांनी निलगिरीची 11,000 रोपं केली होती, सगळी बियाण्यापासून. हे बी इतकं बारीक असतं की वाळूत मिसळून वाफ्यावर भुरभुरावं लागतं. दोन-तीन जोड्या पानं आली की एकेक रोप चिमटीनं उचलून पिशवीत लावायचं. ते काम काकू आणि चार बायकांनी फेब्रुवारीत केलं होतं. रोपांची आगाऊ रक्कमही आलेली होती. निमाडातले, खरगोनकडचे शेतकरी पावसाळ्यात बांधावर लावणार होते.

15 मेला सकाळी काकांचा फोन आला. "अगं, फवारणी दोनदा झाली. पाणी दोन्ही वेळेला देतोय. तरी दुपारी माना टाकतात. तू येऊन बघ."

मी पोचले तेव्हा अकरा वाजत आले होते. ऊन्ह चढलं होतं आणि ओळीच्या ओळी मलूल होऊन उभ्या होत्या. एका पिशवीत बोट घातलं. माती चांगली ओली. मुळाशी पाणी असून रोप तहानलेलं असलं, तर दोष पाण्यात नसतो, ते वर नेणाऱ्या मुळांत असतो. दुसरी गोष्ट तेव्हाच डोळ्यांत भरली. टाकीलगतच्या तीन ओळी ताठ, हिरव्यागार, गुडघ्याला लागतील एवढ्या. त्यांच्या शेजारची चौथी ओळ वीतभर. बी तेच, पाणी तेच, सावलीची जाळीही तीच. हवेतून किंवा पाण्यातून आलेला रोग अशी पट्टीनं आखल्यासारखी रेघ सहसा मारत नाही.

मी रोप उपटायला वाकले, तेवढ्यात तिथं काम करणाऱ्या दादांनी एक पिशवी फाडून, मूळ बादलीत खळबळून माझ्यासमोर धरलं. त्यांचा चेहरा खुलला होता. म्हणाले, "मॅडम, जड़ तो बढ़िया है. देखो, कितनी गाँठें आई हैं. सोयाबीन जैसी."

काकाही म्हणाले, "हो ना, गाठ तर चांगली असते ना?"

त्यात त्यांची काही चूक नव्हती. आमच्याकडे खरिपात जिकडे बघाल तिकडे सोयाबीन. इथं प्रत्येकाला ठाऊक आहे की मुळाला गाठी भरपूर म्हणजे पीक जोमात. त्या गाठींत हवेतला नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू राहतात. पण निलगिरी सोयाबीनसारखी शेंगवर्गीय नाही, तिच्या मुळांवर त्या जिवाणूंच्या गाठी येतच नाहीत. मग या कुठून आल्या?

शेडच्या मागं काकूंनी उन्हाळी मूग लावला होता, फुलावर आलेला. मी एक झाड उपटून आणलं आणि दोन्ही मुळं एका ताटलीत ठेवली. दादांना म्हटलं, मुगाची गाठ नखानं काढा. ती मण्यासारखी अलगद सुटून आली, मूळ होतं तसंच राहिलं. ब्लेडनं कापली तर आत गुलाबी. आता निलगिरीची काढा. त्यांनी नखानं खरवडलं, ओढलं, तर मूळच तुटून हातात आलं. तिथं बाहेरून येऊन बसलेली गाठ नव्हतीच. मूळच जागोजागी सुजलं होतं, एका सुजेला लागून दुसरी, आणि पाणी शोषणारी बारीक केसाळ मुळं जवळजवळ संपली होती.

काकांनी खोडाच्या बुडाशी असलेल्या फुगवट्यावर बोट ठेवलं. "मग हे पण तेच?" ते मात्र नव्हे. निलगिरीच्या बऱ्याच जातींत रोप लहान असतानाच पहिल्या पानांच्या बेचक्यात असा फुगवटा धरतो. त्यात कळ्या आणि अन्नाचा साठा असतो, वरचं खोड जळालं तर झाड तिथूनच फुटतं. तो झाडाचा स्वतःचा आहे. पानाच्या देठावर आणि मधल्या शिरेवर गाठी करणारी एक बारीक गांधीलमाशीही निलगिरीवर पडते, म्हणून पानंही उलटसुलट करून पाहिली. ती नव्हती.

मी भिंगाखाली एक सूज सुईनं हळूच उकलली. आत पांढरा, चकचकीत, नासपतीच्या आकाराचा ठिपका निघाला. मोत्याचा चुरा असावा तसा. तो दादांना दाखवला. ते बराच वेळ भिंगावरून हलले नाहीत.

तो ठिपका म्हणजे सूत्रकृमीची, मुळात राहणाऱ्या बारीक जंताची, मादी. अंड्यातून निघणारं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, दोऱ्यासारखं असतं. मातीतल्या ओलाव्याच्या पापुद्र्यातून ते मुळाच्या टोकाकडे सरकतं, तोंडातल्या पोकळ सुईनं शिरतं आणि आतल्या अन्न-पाण्याच्या वाहिन्यांशी जाऊन बसतं. मग ते मुळाच्या पेशींत असे स्राव सोडतं की आजूबाजूच्या काही पेशी विभागायचं सोडून नुसत्या फुगत जातात, एकेका पेशीत कितीतरी केंद्रकं. झाडानं पानांत तयार केलेलं अन्न त्या पेशींत उतरतं आणि मादी तिथून ते पीत राहते. ती पुन्हा जागची हलत नाही. फुगते आणि चिकट द्रवाच्या गोळ्यात शेकड्यांनी अंडी घालते. उन्हाळ्यात हे सगळं महिन्याभरात उरकतं. फेब्रुवारी ते मे म्हणजे त्या पिशव्यांत तीन पिढ्या होऊन गेल्या असणार. वाहिन्या वेड्यावाकड्या झाल्या की भर पाण्यात रोप माना टाकतं आणि वरून पाहणाऱ्याला वाटतं, लोह कमी आहे. मला वाटलंच होतं.

"माती कुठली?" मी विचारलं.

काका जरा थांबले. टाकीजवळच्या तीन ओळी मागच्या वर्षी उरलेल्या मातीनं भरल्या होत्या. ती माती संपली म्हणून जानेवारीत शेजारच्या वावरातून एक ट्रॉली आणली. त्या वावरात आधी काय होतं? वांगी. त्याआधी भेंडी. या किड्याला याहून आवडतं जेवण नाही. त्यात पिशवी भरताना आपण वाळू मिसळतो, मुळं मोकळी वाढावीत म्हणून. आमच्या चिकट काळ्या मातीपेक्षा अशा भुसभुशीत मातीत या किड्याला हिंडायला जास्त सोपं जातं.

दुपारी प्रयोगशाळेत परतले. मुळं रंगद्रव्यात उकळून ग्लिसरिनमध्ये टाकली, म्हणजे मूळ फिकं पडतं आणि आतले जीव लाल उठून दिसतात. एकेका सुजेत चार-चार, पाच-पाच माद्या. मादीच्या मागच्या टोकाचा पापुद्रा कापून काचेवर घेतला. बोटाच्या ठशासारख्या त्या रेषांवरून जात ओळखतात. वरच्या बाजूला उंच, जवळजवळ चौकोनी कमान होती: मेलॉइडोगायन इन्कॉग्निटा, भाजीपाल्याच्या शेतात नेहमी भेटणारी. माती कापडावर पसरून नरसाळ्यात पाण्यावर ठेवली. रात्री साडेदहाला नरसाळ्याच्या नळीचा चिमटा उघडून खालचं पाणी थेंबभर घेतलं तर सूक्ष्मदर्शकाखाली सगळं वळवळत होतं. मी दिवा बंद करून थोडा वेळ तशीच बसले. सकाळी काय सांगायचं ते ठरलं होतं, कसं सांगायचं ते ठरत नव्हतं.

काकांनी पहिलं वाक्य तेच म्हटलं जे प्रत्येक जण म्हणतो. "औषध सांग."

मातीतल्या किड्यांना मारणारी औषधं आहेत. पण मुळात जी गाठ झाली ती कुठल्याही औषधानं परत सरळ मूळ होत नाही. पूर्वी लोक सर्रास टाकायचे त्या फोरेटवर तर 2020 च्या अखेरीपासून बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. पिशव्या उचलणारे हात त्या बायकांचेच असतात. काका म्हणाले, "निलगिरी चिवट असते गं. जमिनीत गेली की सावरेल." काही रोपं सावरली असतीही. निलगिरीच्या सगळ्या जाती या किड्याला सारख्या बळी पडत नाहीत, आणि मोठं झाड बरंच सोसतं.

"काका, पण ही बांधावर लागणार," मी म्हटलं. "बांधाच्या आत काय आहे?"

मिरची. बेडियाच्या बाजारात जाणारी निमाडची मिरची. हा किडा स्वतःच्या अंगानं वर्षभरात फार तर हात-दोन हात सरकतो. त्याला चाळीस कोस नेतो तो माणूस, पिशवीतल्या मातीतून. आपण 10,000 पिशव्या पाठवल्या, तर तितक्या ठिकाणी ही वांग्याच्या वावराची माती पेरल्यासारखं होईल. आणि एकदा वावरात शिरला की तो निघत नाही, कमी करत राहावं लागतं.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनीच विचारलं, "किती पैसे परत करायचे?" काका उठून टाकीकडे गेले, त्या तीन हिरव्या ओळींच्या कडेनं एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "तुझे बाबा असते तर हेच म्हणाले असते." मी त्यांना एप्रिलच्या फोटोबद्दल सांगितलं. माझी चूक होती, म्हटलं. काका काही बोलले नाहीत. काकूंनी आत जाऊन चहा टाकला.

पुढचे तीन दिवस पिशव्या फाडण्यात गेले. मुळं उन्हात वाळवून जाळली. माती फेकू दिली नाही, ओढ्यात तर नाहीच. सिमेंटच्या खळ्यावर ती वीतभर जाडीची पसरली, भिजवली आणि वर प्लास्टिकची पातळ, पारदर्शक पन्नी ताणून कडा दाबून टाकल्या. काळी पन्नी नको, ती ऊन स्वतःच खाते. पारदर्शक पन्नीखाली मे महिन्यात मातीचा वरचा थर पन्नास अंशांच्या आसपास तापतो, त्यात हे किडे मरतात. शेणखताचा खड्डाही उकरला. तो वर्षभर कुणी ढवळलाच नव्हता, आत गार. 1924 ते 1931 या काळात ॲल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञानं याच इंदुरात, आज कृषी महाविद्यालय आहे तिथं, थर लावून, ओल राखून, ठरावीक दिवसांनी ढीग पलटायची पद्धत बसवली. जगभर तिला इंदूर पद्धत म्हणतात. ढीग नीट तापला तर त्यात सूत्रकृमीही टिकत नाहीत. काकांनी त्या वर्षीपासून ढीग पलटायच्या तारखा कॅलेंडरवर लिहायला सुरुवात केली. हे मला फार बरं वाटलं.

पाऊस लागेपर्यंत पन्नी तशीच ठेवली. मग त्या मातीच्या दहा पिशव्या भरून त्यांत टोमॅटो लावले. मुळाची गाठ टोमॅटोइतकी लवकर दुसरं पीक दाखवत नाही. चाळीस दिवसांनी काका, काकू, दादा आणि मी बादलीभोवती बसलो. दादा एकेक रोप धुऊन पुढं करत होते. पांढरी, सरळ, केसाळ मुळं. नऊ रोपं तशी निघाली. दहाव्याला दोन बारीक सुजा होत्या.

दादांनी स्वतःच नखानं ओढून पाहिली. सुटली नाही.

"ये कौन से कोने की मिट्टी है?" त्यांनी काकूंना विचारलं. काकूंनी वहीत पाहिलं. भिंतीलगतची, जिथं सावली पडायची. दादांनी फावडं घेतलं आणि त्या कोपऱ्यातली माती वेगळी काढायला गेले.