बंद गाडी करंट खाते तेव्हा

‘बॅटरी चार्ज धरत नाही’ अशी तक्रार आली की पहिला संशय बॅटरीवरच जातो आणि बहुतेक वेळा तो रास्त ठरतो, कारण लेड-ॲसिड बॅटरी हा मुळात झिजणारा भाग आहे. या गाडीच्या मालकांनी मात्र वर्षभरात दोन नव्या बॅटऱ्या बसवल्या होत्या आणि आता तिसरी बसवून घेण्यासाठी ते माझ्याकडे आले होते. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत व्यवस्थित चालणारी गाडी सोमवारी सकाळी सेल्फ घेत नसे. रिमोटने दारेदेखील उघडत नसत. गंमत म्हणजे हे दर आठवड्याला होत नव्हते. कधी महिनाभर काही तक्रार नसे आणि मग लागोपाठ दोन सोमवार गाडी जागेवरून हलत नसे. मला सर्वांत उपयोगी माहिती वाटली ती हीच. खराब झालेली बॅटरी एवढी लहरी नसते; ती दिवसेंदिवस खालावत जाते, मध्येच सुधारत नाही.

याआधी ज्या दोन गॅरेजांत गाडी दाखवली होती तिथे बंद गाडीचा करंट मोजलेला होता. एका जॉब कार्डावर २८ मिलिॲम्पिअर असा आकडा होता आणि त्यापुढे ‘लीकेज नाही, बॅटरी बदलणे’ असा शेरा होता. आजच्या गाडीत घड्याळ, सेंट्रल लॉकिंग, इमोबिलायझर आणि निरनिराळ्या कंट्रोल युनिटांची, म्हणजे गाडीतील छोट्या संगणकांची, स्मृती यांसाठी २० ते ५० मिलिॲम्पिअर लागतातच, त्यामुळे आकड्यात काही वावगे नव्हते. २८ मिलिॲम्पिअरने अडीच दिवसांत दोन ॲम्पिअर-तासही खर्च होत नाहीत आणि ही बॅटरी ४५ ॲम्पिअर-तासांची होती. म्हणजे मोजलेला आकडा बरोबर होता आणि सोमवारी मृत सापडणारी बॅटरीही खरी होती.

मी प्रथम बॅटरी काढून रात्रभर कमी करंटवर चार्ज केली आणि काही तास तशीच ठेवली, कारण चार्जरवरून काढल्याबरोबर दिसणारा व्होल्टेज फसवा असतो. स्थिरावलेला व्होल्टेज १२.६ होता, म्हणजे बॅटरी जवळपास पूर्ण चार्ज होती. बॅटरी सीलबंद असल्यामुळे हायड्रोमीटर घालून प्रत्येक सेलचे ॲसिड तपासणे शक्य नव्हते. म्हणून लोड टेस्टर लावून तिच्या कोल्ड क्रँकिंग क्षमतेच्या (थंडीत सेल्फ फिरवण्यासाठी ती देऊ शकते त्या करंटच्या) निम्मा करंट १५ सेकंद खेचला; अखेरीस व्होल्टेज ९.८ वर थांबला. ९.६ ही उत्तीर्ण होण्याची सीमा असल्याने ती पास झाली, पण आठ महिन्यांच्या बॅटरीकडून माझी यापेक्षा बरीच जास्त अपेक्षा असते. इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर निर्दोष होता: इंजिन चालू असताना १४.२ व्होल्ट, हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर १३.९, आणि आउटपुटमधील एसी लहर अर्ध्या व्होल्टच्या बरीच खाली. डायोड गळका असला तर उभ्या गाडीत बॅटरी उलट अल्टरनेटरमधूनच उतरते, त्यामुळे त्याच्या जाड वायरीवरही क्लॅम्प मीटर (वायर न तोडता तिच्याभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा मीटर) लावून पाहिले. तिथे काही नव्हते. टर्मिनल स्वच्छ होती आणि अर्थिंगची पट्टी घट्ट होती.

आता बंद गाडीचा करंट. ही चाचणी करण्याची सर्वत्र रुळलेली रीत अशी की बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढायचे आणि टर्मिनल व केबल यांच्यामध्ये मल्टिमीटर जोडायचा. जुन्या, साध्या वायरिंगच्या गाड्यांत तिच्यात काही गैर नव्हते. परंतु कंट्रोल युनिटे असलेल्या गाडीत टर्मिनल निघाले की प्रत्येक युनिटाचा वीजपुरवठा तुटतो आणि पुन्हा जोडल्यावर ते नव्याने सुरू होते. एखादे युनिट अडकून जागे राहिले असेल, तर या तुटीमुळे ते सुटते आणि मीटर लागल्यावर शहाण्यासारखे झोपी जाते. झोपलेल्या माणसाचे दार वाजवून ‘झोपलात का?’ असे विचारावे, तसा हा प्रकार आहे, फक्त उलट्या दिशेने. दोन्ही गॅरेजांनी प्रामाणिकपणे मोजले होते. मोजण्याच्या कृतीनेच दोष नाहीसा होत असावा, असा माझा तर्क होता. टर्मिनल काढण्यापूर्वी केबल आणि बॅटरी यांना वेगळ्या वायरीने जोडून ठेवले तर पुरवठा तुटत नाही, पण डीसी क्लॅम्प मीटर हाताशी असल्यास केबलला हात लावण्याचेही कारण राहत नाही.

क्लॅम्प लावून, गाडी लॉक करून, किल्ली दूर ठेवून मी मोजले, तर तासाभरानंतर करंट पुन्हा ३० मिलिॲम्पिअरच्या आतच! तेव्हा मी मालकांना विचारले, “शुक्रवारी घरी पोहोचल्यावर गाडीत बसल्यापासून लॉक करेपर्यंत काय काय करता, ते क्रमाने सांगाल का?” त्यांनी थोडा विचार करून सांगितले, “विशेष काही नाही. शुक्रवारी आठवड्याची कामे आवरताना बहुधा फोन चालूच असतो. गाडी लावतो, इंजिन बंद करतो आणि बोलत बोलतच घरात जातो.”

मी त्यांना तसेच करायला सांगितले. त्यांनी गाडीच्या हँड्सफ्रीवरून मला फोन लावला, बोलणे चालू असतानाच इंजिन बंद केले, फोन कानाला लावला आणि गाडी लॉक करून ते बाहेर आले. क्लॅम्प मीटरवर सुरुवातीला काही ॲम्पिअर दिसत होते. एकेक युनिट झोपत गेले तसा आकडा पायरीपायरीने उतरला आणि ०.५८ ॲम्पिअरवर येऊन थांबला. अर्धा तास झाला, तास झाला, तरी तो तिथेच. हिशेब सरळ होता: शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ हे सुमारे ६० तास, त्यात ३५ ॲम्पिअर-तास जाणार. थकलेल्या ४५ ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीत त्यानंतर सेल्फ फिरवण्याइतकी ताकद उरत नाही.

फ्यूज उपटून शोधण्याचा मोह इथे आवरावा लागतो, कारण त्यानेही युनिट नव्याने सुरू होते. दार उघडले तरी युनिटे जागी होतात. म्हणून चालकाचे दार आधीच उघडे ठेवून त्याचे लॅच स्क्रूड्रायव्हरने फिरवून बंद करून ठेवले होते, म्हणजे गाडीच्या लेखी दार लागलेलेच होते. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर मीटर टेकवण्यासाठी दोन उघडे बिंदू असतात. करंट वाहत असेल तर फ्यूजच्या अल्पशा रोधामुळे त्यांच्यामध्ये काही मिलिव्होल्ट मिळतात. बाकी सर्व फ्यूजांवर शून्य किंवा शून्याच्या आसपास आकडा होता. म्युझिक सिस्टीम आणि हँड्सफ्री यांच्या सामाईक १० ॲम्पिअरच्या फ्यूजवर चार मिलिव्होल्टांहून किंचित जास्त मिळाले, जे अर्ध्या ॲम्पिअरहून थोड्या अधिक करंटशी जुळत होते. डॅशबोर्डच्या आतील हँड्सफ्री युनिटाचा कनेक्टर सोडवताच क्लॅम्प मीटर ०.०३ वर आला. कनेक्टर पुन्हा जोडला, तर करंट क्षणभर वाढून काही मिनिटांत परत खाली. आधीच्या दोन्ही तपासण्यांत दोष का सापडला नाही, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला नको होता.

चालू कॉलच्या मध्येच इग्निशन बंद झाले की त्या युनिटाला कॉल संपल्याचा संकेत मिळत नसावा, असा माझा अंदाज आहे; त्याच्या आतील प्रोग्राममध्ये शिरून पाहण्याची सोय आमच्याकडे नव्हती. युनिट बदलले आणि पुन्हा तोच फोन, तोच क्रम करून पाहिला. चाळीस मिनिटांनी २६ मिलिॲम्पिअर.

“मग यापुढे गाडी बंद करण्याआधी फोन ठेवायचा का?” असे मालकांनी विचारले. त्याची गरज नव्हती. बॅटरीविषयी मात्र मला सांगावे लागले की तिसरी आत्ता घेऊ नये, पण हीही फार काळ साथ देईल असे धरू नये. सेल्फसाठी बनवलेल्या बॅटरीच्या पातळ प्लेट थोड्या वेळात मोठा करंट देण्यासाठी असतात. ती वारंवार तळापर्यंत उतरली आणि तशीच पडून राहिली, तर प्लेटवरचे लेड सल्फेट कठीण होते आणि चार्जिंगने पूर्णपणे परत विरघळत नाही. रिकाम्या बॅटरीला जंप स्टार्ट देऊन थोडे अंतर गाडी चालवली, की ती भरली असे समजणे ही तर सर्रास चूक आहे, आणि या बॅटरीच्या वाट्याला तेच आले होते. थंडी सुरू होण्यापूर्वी तिची पुन्हा लोड टेस्ट करायची असे ठरले. पहिली बॅटरी केव्हाच भंगारात गेलेली असल्यामुळे ती बदलण्याची खरोखर गरज होती की नाही, हे तपासण्याचा मार्ग नव्हता.