तुम्ही विचारलंत म्हणून: "धर्माचा अभ्यास करता, मग देव मानता की नाही?"

हा प्रश्न मला कुठंही विचारतात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, आणि गावात गेले की ओट्यावरच्या आजीबाया तर सरळच, "काहून वं बाई, तू धर्माचं शिकतं म्हन्ते, तं देव मानतं का नाही?" हो म्हटलं की त्यांच्या हिशोबानं मी कीर्तनकार, नाही म्हटलं की अंधश्रद्धा निर्मूलनवाली. दोन्ही कामांबद्दल मला मनापासून आदर आहे पण माझं काम वेगळं आहे, आणि ते नीट सांगायचं तर जरा वेळ लागतो म्हणून एकदा लिहूनच टाकते.

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीकडच्या खेड्यांमध्ये मी फिरते. भागवत सप्ताह, शिवेवरच्या मातामायची पूजा, दर्ग्यावरचा उरूस, विहारातली वंदना, जिथं लोक जमतात तिथं जाऊन बसायचं, बघायचं, विचारायचं, लिहून ठेवायचं. आणि सगळ्यात आधी मी काय मागते तर वर्गणीची वही. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबडी वही, किराणा दुकानात उधारीची असते तशी. वर श्री, खाली एकेक घर. कोणी रोख, कोणी गहू, कोणी तुरीची डाळ, कोणी तेलाचा पिपा. ज्याचा संत्र्याचा बगीचा आहे त्याचा आकडा मोठा, ज्या वर्षी फळगळ झाली त्या वर्षी तोच आकडा अर्ध्यावर, पण नाव काही सुटत नाही. कपाशीनं बुडवलेलं वर्ष असलं तरी माणूस उसने घेतो आणि वहीत नाव लावतो. काहून? त्याला विचारलं तर तो म्हणतो देवाचं काम आहे, त्याची बायको म्हणते पोरीचं लग्न व्हायचं आहे, गावात नाव पाहिजे, आणि मला वाटतं दोघंही खरंच बोलतात. जुन्या वह्यांमध्ये बायकांची नावंच सापडत नाहीत, पुढं कधीतरी महिला बचत गटाच्या नावानं रक्कम दिसायला लागते आणि तिथून पुढं पंगतीत वाढायला कोण, माईक कोणाच्या हातात, हेही बदलत जातं. काही वस्त्या मात्र वहीत कधीच नसतात. त्या का नाहीत म्हणून विचारलं की ओट्यावरचे लोक एकमेकांकडं पाहतात आणि विषय पावसावर जातो.

एमिल दुर्खीम नावाचा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ होता, त्यानं १९१२ साली मांडलं की लोक एकत्र जमून विधी करतात तेव्हा एक जोर तयार होतो, आणि त्यातून समाज स्वतःला बांधून घेतो. काल्याच्या कीर्तनाच्या दिवशी दहीहंडी फुटते आणि अख्खं गाव एका आवाजात विठ्ठल विठ्ठल करतं तेव्हा मला त्याचं म्हणणं पटतं, अंगावर काटा येतो. पण माझं त्याच्याशी भांडणही आहे, कारण तो जमलेल्या लोकांकडं जास्त बघतो आणि आमची वही जमू न दिलेल्यांबद्दलही सांगते.

याच दुर्खीमनं अजून एक गोष्ट केली आणि ती मला विदर्भातच खरी कळली. त्याच्याआधी एडवर्ड टायलर या इंग्रज अभ्यासकानं १८७१ साली धर्माची व्याख्या केली होती, धर्म म्हणजे अदृश्य चेतन शक्तींवरचा विश्वास. म्हणजे जवळपास तुमचाच प्रश्न, देव मानता का. दुर्खीम म्हणाला ही व्याख्या पुरत नाही, बौद्ध धर्म बघा, तिथं देव केंद्रस्थानी नाहीच. त्याला हे पुस्तकांतून कळलं होतं. आमच्याकडं १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि दोनच दिवसांनी चंद्रपुरात लाखो लोकांनी बाबासाहेबांसोबत हे जगून दाखवलं. बावीस प्रतिज्ञांमधली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही अशी आहे. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध अडीच हजाराच्या आसपास होते, १९६१ मध्ये सुमारे २८ लाख. या आकड्यामागं एकेक घर आहे, देव्हाऱ्यातले टाक काढून नदीत सोडणारं. असं करणाऱ्या बापाचं सांगताना एक आजोबा मला म्हणाले की त्या रात्री आई झोपली नाही, आणि सकाळी उठून तिनं देव्हाऱ्याच्या कोनाड्यात फुलं ठेवली, कारण हाताला सवय होती. पुढं त्याच कोनाड्यात बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो आला. आता या घरात जाऊन मी "देव मानता का" विचारू? तो प्रश्नच तिथं लागू होत नाही. पण धर्म त्या घरात आहे, भरपूर आहे, सकाळी त्रिशरण म्हणतात, मुलं विहारात अभ्यासाला बसतात.

म्हणून मी देव आहे की नाही हा निकाल कामाच्या वेळी बाजूला ठेवते. निनियन स्मार्ट या अभ्यासकाची ही शिस्त, १९६७ मध्ये इंग्लंडात लँकेस्टर विद्यापीठात धर्माच्या अभ्यासाचा विभाग सुरू झाला तो त्यांच्याच हातून. बाईच्या अंगात माता येते तेव्हा खरं का खोटं हे मी ठरवत बसत नाही. ती काय बोलते, कोणाला बोलते, एरवी जिला घरात कोणी विचारत नाही तिचं त्या घटकेला दारुडा जावई मान खाली घालून ऐकतो का, हे लिहिते. याला कोणी पळवाट म्हणतात, मला तसं वाटत नाही. उलट निकाल आधी देऊन टाकला की मग ऐकायला कान उरत नाहीत.

आणि हे सगळं बाहेरून आलं असंही नाही बरं का. आमच्याच तालुक्यात रिद्धपूर आहे, महानुभाव पंथाचं मोठं ठिकाण. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधर स्वामींच्या आठवणी गोळा केल्या, ज्यांनी पाहिलं ऐकलं त्यांच्याकडं जाऊन जाऊन, आणि लीळाचरित्र उभं राहिलं. ते भक्त होते, माझ्यासारखे तटस्थ नव्हते, तरी स्वामी कुठं बसले, कोणाशी काय बोलले, कोणी काय वाढलं इतकं बारीक त्यांनी जपलं. त्या वाटेनं एसटी जाते तेव्हा मला फार बळ येतं.

राहिलं माझं स्वतःचं. आईनं लावलेला दिवा मी लावते, विहारात हात जोडते, उरसाचा मलिदा खाते. यातलं काहीच मी दाखवायला करत नाही.

आता तुम्हाला एक काम सांगते. वर्गणी हल्ली फोनपेवर येते, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर यादी पडते आणि फोन बदलला की गेली. जुन्या वह्या कोठ्यात उंदीर कुरतडतात, नाही तर रद्दीत जातात. तुमच्या गावात सप्ताहाची, उरसाची, भीमजयंतीची, मातामायच्या पूजेची जुनी वही कोणाकडं असेल तर आधी पानापानाचे फोटो काढून ठेवा, आणि ती कोणाच्या अक्षरात आहे ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून मागच्या पानावर लिहा.